वाचल्याशिवाय आत नाही

"बाई, तुम्हाले कॉम्प्युटरमधलं काही समजते का?"

पांढुर्ण्याच्या शाळेत रुजू झाले त्या दिवशी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. विचारणारे गृहस्थ स्टाफरूमच्या दारात उभे होते. पँट घोट्याच्या वर दुमडलेली, चपलांना ओला चिखल, शर्टाच्या एका खिशात टेस्टर आणि दुसऱ्यातून लोंबणारी सुतळी. मला वाटलं, लाइनमन असावेत. शेजारच्या बाईंनी कानात सांगितलं, हे फिजिक्सचे सर. मी मराठी शिकवणारी. कॉम्प्युटर मी फक्त मासिकातल्या चित्रात पाहिलेला. चाचरत म्हटलं, "नाही हो सर."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

त्यांनी टेबलावर अशी थाप मारली की सगळ्यांचा चहा बशीत सांडला. "देवच पावला! प्राचार्य साहेब, मले ह्याच बाई पाहिजेत. बाईंचा शेवटचा तास मोकळा ठेवा."

अख्खी स्टाफरूम हसली आणि माझे कान तापले. अडाणीपणासाठी माझी अशी जाहीर निवड झालेली माझ्या वडिलांनी ऐकली असती, तर मला पुढच्याच बसनं सौसरला परत नेलं असतं. त्यानंतर बरीच वर्षं मी त्या माणसाबरोबर काम केलं आणि मला कसला ना कसला धक्का बसत राहिला. बरेचसे धक्के हसण्यावारी नेण्यासारखे होते. एक अजून पचलेला नाही, आणि सर जाऊन आता कितीतरी वर्षं झाली.

तो काळ ऐंशीच्या दशकातला. सरकारनं काही निवडक शाळांना कॉम्प्युटर दिले, त्यातला एक आमच्याकडे आला. टीव्हीसारखा पडदा, टाइपरायटरसारखी बटणं आणि साठवलेलं परत काढायला साधा टेपरेकॉर्डर. कॅसेट लावली की कानात काडी घातल्यासारखी चिरचिर ऐकू यायची आणि बऱ्याच वेळानं पडद्यावर अक्षरं उमटायची, तीही लाइन गेली नाही तर. प्राचार्यांनी मशीनला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, खोलीला कुलूप घातलं आणि दारावर पाटी लावली, 'चपला बाहेर काढा'. सरांनी खोलीची किल्ली एकदा मागून नेली ती परत दिलीच नाही. चपलांचं तर विचारू नका. सावरगावकडच्या आपल्या संत्र्याच्या बगीच्यातून ते थेट त्या खोलीत शिरत. प्राचार्य हात जोडत, "अहो सर, धूळ!" सर म्हणत, "धुळीनं बिघडत असन तं ते आपल्या गावात टिकणारच नाही. आत्ताच बिघडू द्या, वॉरंटीत हाय."

या मशीनवर सरांनी शाळेच्या निकालाचा प्रोग्राम लिहिला. प्रोग्राम म्हणजे मशीननं एकामागून एक काय करायचं याच्या ओळी. त्याआधी एप्रिल आला की आम्ही सगळे मास्तर-बाई ओल्या पडद्यांच्या आड बसून बेरजा करायचो, एकमेकांच्या बेरजा तपासायचो आणि त्यावरून भांडायचो. सरांच्या प्रोग्रामनं ते काम एका दुपारात झालं. मी ओळी पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा त्यांचे नंबर दहा, वीस, तीस असे होते. मधले नंबर कुठं गेले म्हणून विचारलं तर म्हणाले, "ते दुसऱ्यायचे. संत्र्याची झाडं खेटून लावता का तुम्ही? उद्या कोणाले मधात काही घालावं वाटलं तं जागा नको?"

मला हे विचित्रच वाटलं. माणूस स्वतः घाम गाळून काहीतरी बनवतो आणि त्यात दुसऱ्यांनी हात घालावा म्हणून आधीच जागा सोडून ठेवतो! आमच्याकडे लोक लोणच्याचा मसाला सख्ख्या जावेला सांगत नाहीत.

पुढं तर कहर झाला. एका रविवारी सरांनी घरून लाल ऑइलपेंटचा डबा आणला, आणि सोमवारी आम्ही पाहतो तर मशीनमागची सरकारी भिंत वरपासून खालपर्यंत भरलेली. मशीन सरकारचं, प्रोग्राम सगळ्यांचा. ज्याला सुधारायचा त्यानं सुधारावा, पण एका वेळी एकच गोष्ट बदलावी. कशी बदलली ते नंतर, काहून बदलली ते आधी सांगावं. दुसऱ्याच्या ओळीला हात लावायचा तर त्याला विचारून. चूक सापडली तर चूक सांगावी, करणाऱ्याचं नाव घेऊ नये. कॉपी कोणीही न्यावी, फुकट न्यावी, मात्र नेऊन काही चांगलं केलं तर ते परत आणून द्यावं. आणि सगळ्यात खाली, सगळ्यात मोठ्या अक्षरांत, 'वाचल्याशिवाय आत नाही'.

प्राचार्यांना घाम फुटला. "अहो, इन्स्पेक्शनला कोणी आलं तर? पुसा ते आधी!"

"ऑइलपेंट हाय साहेब," सर शांतपणे म्हणाले. "पुसून पुसलं जात नाही."

त्या शेवटच्या नियमासाठी माझी नेमणूक होती. श्रावणात आमच्याकडे घरोघरी पोथी लागते. एक जण ओवी वाचतो, दुसरा तिचा अर्थ सांगतो आणि बाकीचे माना डोलावतात. सरांनी ही रीत जशीच्या तशी उचलून प्रोग्रामला लावली. कोणी नवीन ओळी आणल्या की प्रोग्रामच्या आत घालण्याआधी त्या त्यानं मोठ्यानं वाचायच्या, आणि ज्याला कॉम्प्युटर येत नाही अशा माणसानं एकेका ओळीचा मतलब सांगायचा. इंग्रजी शब्द मोजकेच असायचे, ते त्यांनी मला आठवडाभरात शिकवले. बाकी सगळं आमच्याच रोजच्या व्यवहारातलं, पास, नापास, बेरीज, गैरहजेरी. मतलब सांगणारा अडकला की ओळ परत.

"पण सर, मी अडकले तर तो माझा ढपणा झाला ना?" मी एकदा म्हटलं.

"तुम्ही बीए बीएड बाई. तुम्हाले नाही समजलं ते सौसरच्या मास्तराले काय समजीन?" माझ्या माहेरचा असा उद्धार करून ते पुढं म्हणाले, "मशीनले तं काहीही समजते हो. माणसाले समजलं पाहिजे."

पहिला बळी गेला तो कॉमर्सच्या प्रभाकर सरांचा. तरुण, हुशार आणि स्वतःच्या हुशारीवर भारी खूश. गुणानुक्रमे नावं लावायच्या ओळी त्यांनी लिहून आणल्या होत्या. वाचायला लागले, मी मतलब सांगायला लागले आणि चौथ्या का पाचव्या ओळीला गाडी अडली. दोन मुलांना सारखे गुण असतील तर वर कोण, ते मला सांगता येईना.

"परत," सर म्हणाले.

"सर, बाईंना कॉम्प्युटर येत नाही म्हणून माहं काम अडवून राहिले का तुम्ही?" प्रभाकर सर लालबुंद.

"मंग तू सांग. वर कोण?"

प्रभाकर सरांनी कागद उलटसुलट करून पाहिला. त्यांनाही सांगता येईना. कागद घेऊन ते तरातरा निघून गेले आणि चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत, जसं काही मीच त्या दोन मुलांना सारखे गुण दिले होते. पाचव्या दिवशी ओळी दुरुस्त करून आले, आणि त्यानंतर या वाचनाला त्यांच्याइतका नेमानं येणारा दुसरा कोणी नव्हता.

मशीनशेजारी सर संत्र्यांची टोपली ठेवत. त्यांच्या ओळींत कोणी चूक दाखवली की त्याला टोपलीतलं सगळ्यात चांगलं संत्रं. हंगाम नसला की फुटाणे. आमची चूक त्यांना सापडली तर ते संत्रं आमच्यासमोर बसून स्वतः खात, बिया फूऽ करून खिडकीबाहेर उडवत. जिल्ह्याचे साहेब इन्स्पेक्शनला आले तेव्हाही टोपली तिथंच होती. सर त्यांना मोठ्या ऐटीत प्रोग्राम चालवून दाखवत होते, साहेब "व्हेरी गुड, व्हेरी गुड" म्हणत होते, शेरेबुकाचं पान उघडलेलं होतं. तेवढ्यात प्रभाकर सर मागून म्हणाले, "सर, टक्केवारीत गलती दिसून राहिली." मला वाटलं, धरणी दुभंगावी आणि मी पोटात जावं. सर मात्र उडालेच. "कुठं? दाखव! वा रे माह्या राजा!" म्हणत त्यांनी टोपलीतलं संत्रं निवडून प्रभाकर सरांच्या हातात ठेवलं आणि साहेबांना म्हणाले, "साहेब, टाळी वाजवा ना!" साहेबांनी टाळी वाजवली नाही. पेनाला टोपण लावलं आणि शेरा न लिहिताच जीपमध्ये बसले. प्राचार्य दोन दिवस रजेवर गेले.

असा हा माणूस. आता कुंदाचं सांगायला हवं.

कुंदा माझ्या नववीच्या वर्गात होती. जाम नदीच्या काठालाच घर, वडिलांचं किराणा दुकान, तीन भावांच्या पाठीवरची एकटी मुलगी. नववी म्हणजे शाळेचीच परीक्षा, पण मुलींसाठी ती बोर्डापेक्षा मोठी. पास झालेली दहावीत जायची. नापास झालेली घरी बसायची, आणि घरी बसलेल्या मुलीला त्याच उन्हाळ्यात पाहुणे बघायला यायचे. कुंदा काही पहिल्या नंबरातली नव्हती, पण नापास व्हायच्यातली तर मुळीच नव्हती. प्रोग्रामनं काढलेल्या पहिल्याच निकालात ती नापास झाली.

निकालाच्या दिवशी ती माझ्यापुढं येऊन उभी राहिली. रडत नव्हती. "बाई, मी नापास होऊच शकत नाही. माहे पेपर मले माहीत हायेत."

तिच्या मागून वडील आले. "कॉम्प्युटरनं सांगितलं ना. मास्तर चुकते, मशीन काहून चुकीन? पोरगी खोटं बोलून राहिली बाई, तुम्ही लक्ष देऊ नका." आणि तिच्या दंडाला धरून तिला घेऊन गेले.

मी तडक सरांकडे गेले. त्यांनी कॅसेट लावली, प्रोग्राम पुन्हा चालवला. नापास. मी म्हटलं, अजून एकदा. त्यांनी अजून एकदा चालवला. नापास. मग मी ते बोलले जे कोणीही बाई बोलली असती. "सर, थोडेच गुण कमी आहेत. इकडचे तिकडे करा ना. पोरीचं आयुष्य आहे."

सर माझ्याकडे असे पाहायला लागले जसं मी देवळातली समई उचलून नेत होते. "कुंदाले देतो. अन् जिच्यासाठी बोलायले बाई नाही, तिचं काय करू?"

बरोबर होतं त्यांचं, आणि मला त्यांचा भयंकर राग आला. मे महिन्यात कुंदाचं लग्न झालं, लोधीखेड्याला दिली. मी लग्नाला गेले. सरही आले होते. पंगतीत बसले, दोनदा बुंदी मागून घेतली, व्याह्यांशी बगीच्याच्या गोष्टी केल्या. मी तिथून जेवण टाकून उठले. नियमानं वागणारा माणूस इतका थंड असू शकतो, याचा मला खरोखर धक्का बसला होता.

वर्षभरात प्रोग्रामचं नाव आजूबाजूला झालं. सौसर आणि लोधीखेड्याच्या शाळांनी कॉपी मागितली. आणि एक दिवस नागपूरहून कॉम्प्युटर विकणारे एक टायवाले गृहस्थ आले. त्यांना प्रोग्राम विकत हवा होता. देऊ केलेला आकडा ऐकून प्रभाकर सर खुर्चीवरून अर्धे उठले.

"अन् विकत घेऊन काय करसान?" सरांनी विचारलं.

"सगळ्या शाळांना विकू. मात्र आतल्या ओळी बंद करू, कोणाला दिसणार नाहीत."

"मंग त्यातली गलती कोण दाखवीन?"

टायवाले हसले. "गलती असेल तर ना सर!"

"नाहीच हाय!" सर गरजले. "दोन निकाल लागले, एका मार्काची गलती नाही. पण विकायचं नाही. सगळ्यायचं हाय ते, मी कोण विकणारा?" आणि त्या बिचाऱ्याला एक संत्रं देऊन बसस्टँडवर पोचवून आले.

मी थक्क झाले, आणि खोटं कशाला बोलू, वर्षभराचा माझा राग त्या दिवशी निम्मा उतरला. सर स्वतःही फुलले होते. त्या भरातच त्यांनी जाहीर केलं की सौसर-लोधीखेड्याला कॉपी द्यायच्या आधी प्रोग्रामची समाप्ती करायची. पोथी पूर्ण झाली की करतात तशी. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचन, आणि मग आमरस-पोळीचं जेवण, त्यांच्या घरून येणार. तेव्हा कुठं आमच्या लक्षात आलं की सुरुवातीचा मोठा भाग कधी वाचलाच गेला नव्हता. तो सरांनी स्वतः लिहिला होता, भिंतीवर नियम यायच्या आधी. त्यांच्या ओळी वाचायला मागाव्यात असं आमच्यापैकी कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

मे महिन्यातली दुपार. शाळेला सुट्टी, कूलर घरघरत होता, रसाचं पातेलं ओल्या फडक्यात गुंडाळून कोपऱ्यात ठेवलेलं. प्रभाकर सर वाचत होते, मी मतलब सांगत होते, सर डोळे मिटून मांडी हलवत ऐकत होते. तिमाही परीक्षेच्या ओळी आल्या.

"गैरहजर असेल तर शून्य धरायचं आणि पुढच्या मुलाकडे जायचं," मी मतलब सांगितला.

"बरोबर."

"आणि एखादीनं मागून पेपर दिला तर?"

हे माझ्या तोंडून सहज निघालं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार, नदीपल्याडच्या गावाशी दगडफेकीची जत्रा. नदीच्या दोन्ही काठांवर गर्दी, घरोघरी पाहुण्यांची रीघ. पोरं दगड झेलायला जात, आणि नदीकाठच्या घरांतल्या मुली दोन-दोन दिवस चुलीपुढं. पोळ्याच्या आसपासच आमची तिमाही यायची. मग असा पेपर बुडालेल्या मुलांसाठी आठवड्यानं पुन्हा पेपर ठेवायचा, अशी शाळेची जुनी पद्धत होती. पुन्हा दिलेल्या पेपरचे गुण नंतर वेगळे येत आणि मशीनला वेगळे दिले जात.

"ते पुढं हाय," सर डोळे मिटूनच म्हणाले.

प्रभाकर सरांनी पान उलटलं. मग दुसरं उलटलं. "पुढं नाही, सर."

"हाय. नीट पाय."

"मशीन शून्य धरते अन् त्या पोराले सोडून देते, सर. मागून आलेल्या मार्काकडं ते वळतच नाही."

सरांनी डोळे उघडले. कागद ओढून घेतला. त्यांचं बोट ओळींवरून खाली गेलं, पुन्हा वर आलं, पुन्हा खाली गेलं. तिमाहीचे थोडेसेच गुण निकालात धरत, त्यामुळं काठावर नसलेल्या कोणाला फरक पडला नव्हता आणि कोणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. पण काठावर कोण होतं?

"कुंदा," मी म्हटलं.

मला निकालाचा दिवस आठवत होता. मी पुन्हा चालवा म्हटलं होतं आणि त्यांनी पुन्हा चालवलं होतं. मशीनवरच. कागद-पेन्सिल घेऊन बेरीज करावी, असं फिजिक्सच्या त्या विद्वानाला सुचलं नव्हतं, आणि मलाही नाही.

सरांनी प्राचार्यांच्या कपाटातून दोन्ही वर्षांची गुणांची रजिस्टरं आणवली आणि आम्ही तिघं जुन्या पद्धतीनं बेरजा करायला बसलो. ताज्या निकालाच्या वर्षी पोळा तिमाहीच्या आधीच होऊन गेला होता, त्यामुळं त्यात कोणी सापडलं नाही. आदल्या वर्षीचे दोघं सापडले. एक कुंदा. दुसरा तिच्याच वर्गातला देवानंद, गोटमारीत डोकं फुटलं म्हणून पेपर बुडालेला. तो पुन्हा नववीत बसून नुकताच पास झाला होता. दोघंही मुळात आदल्या वर्षीच पास होते. प्रभाकर सर काहीतरी समजूत घालायला लागले, "सर, आपल्या नियमात करणाऱ्याचं नाव घ्यायचं नाही..."

"माही गलती," सर म्हणाले. "माही हाय ती. माही."

एवढा मोठा माणूस ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, आणि मला काय करावं कळेना. रसाचं पातेलं कोणी उघडलं नाही.

प्राचार्यांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीतून ताडकन उठले. "जुनं कशाला उकरता? कोणी विचारायला आलंय का? वर कळलं तर कॉम्प्युटर परत जाईल, माझी बदली होईल. मुलगा पास झालाय. मुलगी सासरी सुखानं नांदतेय."

"नवीन गुणपत्रिकांवर सही करा साहेब."

"आणि नाही केली तर?"

"तं गेटवर लिहीन. लाल रंग उरला हाय."

प्राचार्यांनी सही केली. देवानंदला सरांनी घरी जाऊन सांगितलं. तो हसला, "बाप्पा, सर! एक साल फुकट खाल्लं तुम्ही माहं," म्हणाला आणि क्रिकेट खेळायला गेला. पुढं सरांनी प्रोग्राम प्रभाकर सरांच्या हवाली केला. सरांची एकही ओळ मग वाचल्याशिवाय आत गेली नाही, आणि प्रभाकर सरांनी त्यातल्या निम्म्या परत पाठवल्या. पण हे सगळं नंतरचं. आधी लोधीखेडं होतं.

"बाई, तुम्ही चाला संग," सर म्हणाले. "मी एकटा गेलो तं पोरीच्या घरचे काय समजतीन."

सौसरला बस बदलून आम्ही लोधीखेड्याला गेलो. एरवी बसमध्ये अनोळखी माणसाशी संत्र्याच्या कलमांच्या गप्पा मारणारा माणूस सबंध रस्ता खिडकीबाहेर पाहत होता. कुंदाचं घर सापडायला वेळ लागला नाही. अंगणात खाटांवर कुरड्या वाळत होत्या आणि डोक्यावर पदर घेतलेली एक बाई त्या उलटत होती. ती कुंदा आहे हे मला चटकन कळलंच नाही. वर्षभरात तिचा चेहरा दहा वर्षांनी मोठा झाला होता, आणि ती पोटुशी होती.

सासरे ओसरीवर होते, सासू दारात आली. नमस्कार-चमत्कार व्हायच्या आतच, उभ्याउभ्या, सर बोलून मोकळे झाले. "कुंदा, तू नववीत पास होती. गलती माही होती. मशीनची नाही, माही."

सासऱ्यांना काही कळेना. सरांनी त्यांना सगळं सांगितलं. तिमाही, गोटमार, पुन्हा दिलेला पेपर, शून्य. स्वतःला वाचवणारा एक शब्द त्यांनी त्यात घातला नाही.

"मंग आता?" सासू म्हणाली. "आता काय करायचं हाय तिले नववीचं?"

"दहावी प्रायव्हेट देता येते. मी शिकवीन. दर रविवारी येतो."

"पाहू," सासरे म्हणाले. आमच्या भागात 'पाहू' म्हणजे काय ते सांगायला नको. सर मात्र खरंच जात राहिले, पावसाळाभर. दार उघडं मिळालं तर शिकवत, नाही तर तसेच परत येत. मग कुंदा बाळंतपणाला माहेरी गेली आणि ते थांबलं. दहावी तिनं दिली नाही.

त्या दिवशी तिनं पदराला हात पुसले आणि गुणपत्रिका घेतली. वरपासून खालपर्यंत एकेका विषयावरून बोट फिरवलं. मराठीपाशी थांबून माझ्याकडे पाहून हसली, आणि मला रडू फुटलं. ती नाही रडली.

"सर, माह्यावानी आणखी कोणी होतं का?"

"होता एक. देवानंद. तुह्याच वर्गातला."

"मंग तो कुठं हाय आता?"

"तो..." सरांनी खाटेवरच्या कुरड्यांकडे पाहिलं. "तो आता दहावीत गेला. पुन्हा नववीत बसला होता ना, पास झाला."

कुंदानं गुणपत्रिकेची घडी घातली, मग आणखी एक घडी घातली. तिच्या बोलण्यात राग असता तर बरं झालं असतं. वर्गात उत्तर द्यायची तशी ती म्हणाली, "त्याले बसू देलं."

आतून सासूनं चहा ठेवायला हाक मारली, तशी ती गेली. सासऱ्यांनी खाटेवरच्या कुरड्या बाजूला सारल्या, खाट पुढं ओढली, बसा म्हणाले. सर काही बसले नाहीत.